दार उघडं, पण कडी दिल्लीच्या हातात

'जागतिकीकरणाने शेतकऱ्याला जगाचा बाजार मिळाला' हे म्हणणं कांद्याच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला थेट बंदी. मे २०२४ मध्ये ती उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लावून, वर ४० टक्के शुल्क होतंच.

बंदी आली त्या आठवड्यात मी निफाडकडे मामांच्या घरी होतो. लाल कांदा ट्रॉलीत भरून उभा. उन्हाळ कांदा (उन्हाळ्यात निघणारा, टिकणारा) असता तर कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टाकून वाट बघता आली असती. लाल टिकत नाही, कोंब फुटतात. मिळेल त्या भावाला विकला. दुबईच्या गिऱ्हाइकाला काय, तो पाकिस्तानचा कांदा घेतो!