मदत हवी आहे: मळ्यातल्या जुन्या घराच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशकाजवळच्या गिरणारे गावाच्या अलीकडे मळ्यात राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर माळा, एवढंच घर. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं, पाच जण त्यात मावतो. आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. दगड-मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं. मुलांच्या शाळेसाठी काही वर्षं नाशकात भाड्याने राहिलो, पण सासूबाईंचा जीव मळ्यातच होता. म्हणून गेल्या उन्हाळ्यात घर दुरुस्त करून परत राहायला आलो.

कुजलेले वासे आणि रीपा बदलल्या, कौलं शाकारून घेतली. शेणाने सारवायची जमीन काढून फरशी बसवली. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट मारला. अंगणात चिखल नको म्हणून भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक घातले. दिवाळीला घर इतकं छान दिसत होतं की सासूबाईंनी सगळ्या भावकीला फराळाला बोलावलं होतं.

या पावसाळ्यात मात्र भिंती जमिनीपासून कमरेपर्यंत ओल्या झाल्या आहेत. रंगाला फुगे येतात, पांढरा खार बाहेर पडतो आणि हात लावला की गिलाव्याचे पोपडे निघतात. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. धाकट्याचा खोकला आषाढापासून हटत नाही. डॉक्टरांनी त्याला ओलीच्या खोलीत झोपवू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे तो आणि मी माळ्यावर झोपतो. वर एक थेंब गळत नाही, म्हणजे पाणी कौलांतून येत नाही एवढं नक्की.

एक मिस्त्री म्हणतात, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारून पुन्हा सिमेंटचा गिलावा करू. दुसरे म्हणतात, हे पाडा आणि स्लॅबचं बांधा. पाडायचं नाव काढलं की सासूबाई जेवत नाहीत. त्या या घरात लग्न होऊन आल्या आणि माझ्या नवऱ्याचा जन्मही इथलाच. मलाही हे घर पाडायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी पंखा न लावता झोप लागते, असं घर पुन्हा बांधून होणार नाही.

कुणी असं जुनं घर सांभाळलंय का? केमिकलवर पैसे घालावेत का? आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी आपल्या भागात कसा शोधायचा?

प्रतिसाद १

ताई, केमिकल मारू नका. आमच्या इगतपुरीकडच्या घरात हाच अनुभव घेतलाय. दगड-मातीच्या भिंतीला खालून ओल चढतेच. पूर्वी ती मातीच्या गिलाव्यातून आणि सारवलेल्या जमिनीतून उडून जायची. आता फरशी, सिमेंट आणि ऑइलपेंटने तिच्या वाटा बंद झाल्या, म्हणून ती भिंतीत वर वर चढतेय. केमिकल मारलं तर आणखी वर जाईल, वाशांची टोकं भिंतीत आहेत तिथवर. मग वाळवीला आमंत्रण.

पण मला खरी शंका पेव्हर ब्लॉकची आहे. त्यांच्याखाली भर किती टाकली? घराचं जोतं, म्हणजे भिंतीखालचा उंच चौथरा, बाहेरून किती दिसतं, ते मोजून सांगा. आणि पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं तेही बघा.

गिलावा आत्ता फोडू नका. दिवाळीनंतर कमरेच्या वर हातभर जाईल इतका खरवडून काढा आणि भिंत तीन-चार महिने उघडी वाळू द्या. मग चुना-वाळूचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. चुना आधी पाण्यात विरवून मुरवावा लागतो, घाई चालत नाही. गवंडी शोधायला जुन्या नाशकात वाड्यांच्या दुरुस्त्या चालतात तिथे चौकशी करा. काम बघून माणूस ठरवा.

धागाकर्ती

दादा, आज पाऊस उघडल्यावर मोजलं. जोतं पूर्वी चांगलं हातभर उंच होतं, तीन पायऱ्या चढून ओट्यावर यायचो. आता एकच पायरी उरलीय. ब्लॉकचा उतारही घराकडे आहे आणि पागोळ्या बरोबर भिंतीच्या बुडाशी पडतात. दीड वर्षात हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तिथे दगडांची चर होती, मामंजी दर रोहिणीत ती उपसायचे. ह्यांनी संध्याकाळी मागच्या बाजूचे दोन ओळी ब्लॉक उचकटले. वीतभर भर काढल्यावर चरीचे दगड लागले, जागच्या जागी आहेत. उद्यापासून चारही बाजूंनी भर काढायला घेतोय. चरीचं पाणी टोमॅटोच्या वावराकडे न नेता ओढ्याला काढायचंय, त्यासाठी उतार किती ठेवावा?