रविवारचे व्याख्यान आणि धर्मशाळेचे धान्य

ए-२०३ (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार. दरवर्षीप्रमाणे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आपण धान्य गोळा करणार आहोत. रविवारी सायंकाळी ६ वाजता गच्चीवर ते स्वीकारले जाईल. यंदा त्याच वेळी ए-५०१ मधील आपले डॉक्टर अंडकोषाच्या कॅन्सरविषयी अर्धा तास बोलणार असून १५ ते ४० या वयाच्या सर्वांनी आवर्जून उपस्थित राहावे, ही विनंती.

बी-१०१: सचिवसाहेब, उपक्रमाला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र या ग्रुपवर महिला आहेत, शाळकरी मुलेही आईवडिलांचे फोन पाहतात. सूचनेत केवळ ‘आरोग्यविषयक व्याख्यान’ एवढेच लिहिले असते तर अधिक योग्य झाले असते, असे मला वाटते.

सी-४०४: काका, तुमच्या वयाचा आणि भावनेचा पूर्ण मान ठेवून लिहिते. हा शब्द न उच्चारल्यामुळे आमच्या घरात काय झाले, ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. माझ्या बहिणीचा मुलगा २३ वर्षांचा असताना आंघोळ करताना त्याच्या हाताला वाटाण्याएवढी कडक गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणून त्याने आठवडा, मग महिना जाऊ दिला. एकदा धीर करून एका डॉक्टरांकडे गेला, तर त्यांनी तपासून न पाहताच इन्फेक्शन असेल असे म्हणून गोळ्या लिहून दिल्या, आणि त्यानंतर पुन्हा तोंड उघडण्याची त्याची हिंमतच झाली नाही. सात महिन्यांनी कंबर फार दुखू लागली, तेव्हा बहीण त्याला पोटाच्या सोनोग्राफीसाठी घेऊन गेली. मी बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसले होते. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना पोटाच्या मागच्या बाजूला सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसल्या. त्यांनी हातातले यंत्र बाजूला ठेवले आणि त्याला हळूच विचारले, “बाळा, खाली कुठे गाठ आहे का?” तो तिथेच रडू लागला, आणि दाराबाहेर आम्हा दोघींना त्याचे रडणे ऐकू आले. आज तो बरा आहे, नाशिकला नोकरी करतो, त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. पण ते सात महिने केवळ संकोचाने गेले, आणि त्यापायी गाठ पोटापर्यंत पोहोचून त्याला केमोथेरपीची चार आवर्तने सोसावी लागली. वेळेवर कळले असते तर कदाचित एका शस्त्रक्रियेवर भागले असते.

ए-५०१ (डॉक्टर): वहिनी, हे लिहिल्याबद्दल आभार. मी आत्ताच थोडे स्पष्ट करतो, कारण घाबरवण्याचा हेतू मुळीच नाही. हा कॅन्सर आपल्याकडे तसा दुर्मीळ आहे. पण जो होतो तो ऐन तारुण्यात होतो आणि बहुतेक वेळा गाठ दुखत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून काही नाही, हा समजच घात करतो. एक अंडकोष किंचित मोठा किंवा खाली असणे स्वाभाविक आहे, मागच्या बाजूला मऊ दोरीसारखे जे लागते तेही स्वाभाविक आहे. अंडकोषावरच कडक गाठ, एका बाजूचा वाढलेला आकार किंवा जडपणा जाणवला, तर मात्र सोनोग्राफी आणि रक्ताच्या तीन तपासण्या (एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच) लगेच कराव्यात. या गाठीत बाहेरून सुई घालून तुकडा काढत नाहीत. जांघेतून शस्त्रक्रिया करून तो अंडकोषच काढतात. दुसरा निरोगी असेल तर संसाराला सहसा बाधा येत नाही, तरीही केमोथेरपीपूर्वी वीर्य साठवून ठेवण्याविषयी रुग्णाने स्वतःहून विचारावे, कारण घाईगडबडीत ते राहून जाते.

गाठ पसरलेली असली तरीही हा आजार बहुतांशी बरा होतो, आणि कॅन्सरच्या बाबतीत असे क्वचितच म्हणता येते. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने या रुग्णांना देण्यास सुरुवात केली, तोवर पसरलेल्या आजारातून वाचणारे थोडेच असत. आपल्या युवराज सिंग यांची गाठ दोन फुप्फुसांच्या मध्ये होती, अंडकोषात नव्हती. पण तिच्या पेशी याच कुळातल्या होत्या. २०१२ मध्ये त्यांच्यावर इंडियानापोलिसला याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली उपचार झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते पुन्हा भारताकडून खेळले.

आणखी एक, कारण मुलांना हे कुणी सांगत नाही. अंडकोषात अचानक तीव्र कळ आली, तर तो बहुधा कॅन्सर नसतो. पण अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता मोठी असते.

बी-३०२: डॉक्टरदादा, इथेच विचारते. आमच्या दहा महिन्यांच्या बाळाचा एक अंडकोष अजून खाली उतरलेला नाही. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की आपोआप उतरेल.

ए-५०१ (डॉक्टर): ताई, सहा महिन्यांनंतर तो आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी असते. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया होणे चांगले, म्हणून याच आठवड्यात बालशल्यचिकित्सकांना दाखवा. अशा मुलांना पुढे या कॅन्सरचा धोका थोडा अधिक असतो. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने तो कमी होतो, आणि अंडकोष जागेवर असल्यामुळे गाठ आली तर हाताला लागते. सासूबाईंना हवे तर माझ्याकडे घेऊन या, मी समजावून सांगेन.

डी-२०२ (खजिनदार): धान्याबद्दल माझी एक सूचना आहे. केमोथेरपीचे एक आवर्तन २१ दिवसांचे, म्हणजे चार आवर्तनांना जवळजवळ तीन महिने. जळगावहून किंवा सोलापूरहून आलेले कुटुंब एवढे दिवस मुंबईत राहते तेव्हा आजारी पडलेला बहुधा घरातला कमावता मुलगाच असतो, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे त्याला बाहेरचे खाणे चालत नाही. गेल्या वर्षी आपण सर्वांनी तांदूळच दिला होता आणि तूरडाळ, तेल, गूळ यांची उणीव राहिली. यंदा धर्मशाळेत आधी विचारून यादी केली आहे, ती उद्या लावतो. रोख रक्कम देणाऱ्यांनी कृपया पावती घ्यावी.

बी-१०१: सी-४०४ मधील मुली, तुझा मजकूर मी दोनदा वाचला. सूचना आहे तशीच राहू द्यावी. माझे दोन्ही नातू येतील, मी स्वतः त्यांना घेऊन येईन. मात्र सर्वांसमोर हात वर करून प्रश्न विचारणे मुलांना जमणार नाही, याचा विचार व्हावा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल असा एक डबा मी आजच वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. किल्ली डॉक्टरांकडे राहील.

ए-२०३ (सचिव): काका, डबा ठेवला आहे. तासाभरात त्यात चार चिठ्ठ्या पडल्या.