लुगोसींचा प्रभाव उच्चारामुळे की अभिनयामुळे?

रंगकर्मी, परभणी: आमची संस्था यंदा एकांकिका स्पर्धेसाठी एक भयनाट्य बसवत आहे. खलपात्र करणाऱ्या मुलाच्या बोलण्यात आपल्या मराठवाड्याचा हेल आहे आणि तो काढून टाकावा, असा काही जाणकारांचा आग्रह आहे. मला मात्र १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ या इंग्रजी भयपटातील नट बेला लुगोसी आठवतात. त्यांच्या इंग्रजीवरील हंगेरियन वळण शेवटपर्यंत गेले नाही, तरीही रक्तपिपासू ड्रॅक्युलाची ती भूमिका त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हा प्रभाव उच्चाराचा की अभिनयाचा, हे कृपया सविस्तर सांगावे.

गोदाकाठ, नांदेड: सर, लुगोसी हे मुळात कसलेले रंगभूमीचे नट होते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. १८८२ साली लुगोश या गावी, जे तेव्हा हंगेरीत होते आणि आज रोमानियात आहे, त्यांचा जन्म झाला आणि गावावरूनच त्यांनी रंगमंचावरील नाव घेतले. बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते काम करत. हंगेरीतील १९१९ च्या क्रांतीत नटांच्या संघटनेत पुढे असल्यामुळे, ती क्रांती फसताच त्यांना देश सोडावा लागला. १९२२ साली न्यूयॉर्कमधील पहिल्या इंग्रजी नाटकाचे संवाद त्यांनी केवळ ध्वनीवरून पाठ केले होते. चित्रपटाआधी १९२७ पासून त्यांनी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ड्रॅक्युला रंगवला होता, त्यामुळे प्रत्येक विराम मुरलेला होता. जिन्यावरचा प्रसंग पाहावा: हातात मेणबत्ती, बाहेर लांडग्यांचा आवाज, ते थांबतात, ऐकतात आणि मगच बोलतात. संपूर्ण चित्रपटात त्यांचे सुळे एकदाही दिसत नाहीत, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. माझ्या मते भीती त्या थांबण्यात आहे. उच्चाराने तिला परकेपणाची धार दिली.

नाट्यप्रेमी, लातूर: वरील मत मला पटते, पण त्याच उच्चाराने त्यांची कोंडीही केली, हे विसरता येत नाही. या चित्रपटासाठी त्यांना अवघे ३,५०० डॉलर मिळाले आणि पुढे बहुतेक तशाच भूमिका वाट्याला आल्या. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेनस्टाइन’ या चित्रपटात त्यांनी साकारलेला मान मोडलेला, घोगऱ्या आवाजाचा इगोर पाहिला, की हा नट आणखी किती काही करू शकला असता, याची हळहळ वाटते. १९५६ साली ते वारले, तेव्हा त्यांना ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरण्यात आले. म्हणून त्या मुलाचा हेल अवश्य ठेवा, मात्र पुढच्या नाटकात त्याला खलपात्र देऊ नका.

रंगकर्मी, परभणी: दोघांचेही मनापासून आभार. हेल ठेवतो आणि उद्याची तालीम पार्श्वसंगीताशिवाय घेतो, म्हणजे त्याचे विराम किती टिकतात, ते कळेल.