उरलेली रक्षा गावच्या होळीत द्यावी का?

गोदाकाठ (धागा सुरू करणारा)

माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. दवाखान्यातून देह मिळाला नाही. चौथ्या दिवशी शहरातल्या स्मशानभूमीतून एक गाठोडे हाती आले आणि त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली होती. राख सावडणे झालेच नाही, दहाव्याला घाटावर आम्ही चौघे होतो आणि संचारबंदीमुळे कावळा शिवेपर्यंत थांबताही आले नाही. अस्थी पुढे पैठणला गोदावरीत सोडल्या, पण दोन मुठी रक्षा आईने मागे ठेवली. ती आजही गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या गाडग्यात आहे.

धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात नोकरीला असतो. २०२३ मध्ये त्याने त्यातली चिमूटभर रक्षा 'बर्निंग मॅन' नावाच्या मेळ्यात नेली. अमेरिकेतील नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक वाळवंटात, कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर दर वर्षी ऑगस्टअखेरीस सत्तर-ऐंशी हजार माणसे आठवडाभर वस्ती करतात. शनिवारी रात्री एक प्रचंड लाकडी पुतळा जाळतात, त्या वेळी नाच, गाणे, आरडाओरडा सगळे चालते. रविवारी रात्री मात्र एक लाकडी मंदिर जाळले जाते. डेव्हिड बेस्ट या शिल्पकाराने असे पहिले मंदिर २००० साली बांधले. त्याच सुमारास त्याचा एक तरुण मित्र मोटारसायकलच्या अपघातात गेला होता आणि ते मंदिर त्याच्या आठवणीचे झाले. त्यात देव नसतो. लोक भिंतींवर गेलेल्यांना उद्देशून मजकूर लिहितात, फोटो, चपला, चष्मे आणि रक्षा ठेवतात, आणि ते जळत असताना हजारो माणसे गप्प बसून पाहतात. भाऊ गेला त्या वर्षी तिथे पाऊस पडून सगळा चिखल झाला आणि मंदिर मंगळवारी जाळावे लागले. (इकडे आपल्याकडे तोच ऑगस्ट ठणठणीत कोरडा गेला होता, हे त्याला फोनवर सांगताना आम्ही दोघेही हसलो होतो.)

त्याचे म्हणणे असे की आपल्या गावात त्या लाटेत अकरा माणसे गेली आणि अकराही घरांत हे अर्धवटपण तसेच राहिले आहे. येत्या होळीला खड्ड्याच्या तळाशी, गोवऱ्या रचण्याआधी, ज्यांच्याकडे रक्षा उरली आहे त्यांनी ती ठेवावी, एकेकाचे नाव घ्यावे आणि मग होळी पेटवावी. माझे मन अर्धे तयार आहे. जाणत्यांनी मत सांगावे.

सिंदफणा

दादा, तुमच्या दुःखाविषयी आदर ठेवून स्पष्ट विरोध नोंदवतो. होळीचा अग्नी आणि मसनवट्याचा अग्नी हे वेगळे अग्नी आहेत आणि ते वेगळे ठेवण्यामागे सोवळ्याओवळ्यापलीकडचे साधे व्यवहारज्ञान आहे. होळीत पुरणपोळीचा नैवेद्य जातो. तिच्यात भाजलेला नारळ पोरे काठीने ओढून काढतात आणि तिथेच फोडून खातात. दुसऱ्या दिवशी तिच्याच विस्तवावर तापवलेल्या पाण्याने आमच्याकडे लेकरांना आंघोळ घालतात, आणि धुळवडीला ती राख कपाळाला लागते. तुमच्या वडिलांची रक्षा त्या तळाशी आहे हे ठाऊक असताना शेजारीण आपल्या तान्ह्या बाळाला ती राख लावील का? आणि तिने नाही म्हटले, तर त्यात तिचा काय दोष?

दुसरे असे की अग्नीने आपले काम एकदा केलेले आहे. 'भस्मान्तं शरीरम्' असे ईशावास्य उपनिषद सांगते. भस्म झाल्यावर शरीराचा शेवट झाला, पुढचा मार्ग पाण्याचा. जे अग्नीनेच परत दिले, ते पुन्हा त्याच्याच हवाली करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि तुम्हीच दिलेल्या माहितीत उत्तर आहे. त्या लोकांनीसुद्धा आरडाओरड्याची रात्र आणि मौनाची रात्र वेगळी ठेवली आहे. आपली होळी ही त्यांची शनिवारची रात्र आहे. बोंब मारण्याच्या जागी तुम्ही अकरा नावे वाचणार आणि मागे पोरे शिव्या देत टिमकी वाजवणार, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

पळसफूल

सिंदफणा यांच्या नारळाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे आधीच कबूल करते. पण या चर्चेत आतापर्यंत एकही बाई बोललेली नाही आणि त्यामुळे एक गोष्ट सुटली आहे.

आमच्या भागात बायका मातीला घरापर्यंतच असतात. तिरडी वेशीबाहेर गेली की त्या मागे फिरतात. माझ्या आईने माझ्या वडिलांची चिता पाहिली नाही, आजीने आजोबांची पाहिली नाही. राख सावडायला पुरुष जातात, नदीवर पुरुष जातात, आणि घरी राहिलेल्या बाईला दहाव्यानंतर कळते की सगळे 'नीट पार पडले'. करोनात पुरुषांनाही जेव्हा दाराशीच थांबावे लागले तेव्हा त्यांना ते असह्य झाले, आणि ते स्वाभाविकच होते. फक्त आमच्याकडच्या बायकांना ते दारापाशी थांबणे नवे नव्हते, एवढे नमूद करते.

गावात ज्या सार्वजनिक अग्नीपुढे बाई हक्काने जाते, ताट घेऊन जाते, हळदकुंकू वाहते, पाणी घालत प्रदक्षिणा करते, तो माझ्या माहितीत एकच आहे आणि तो होळीचा. म्हणून धागाकर्त्यांच्या भावाला अमेरिकेत जे सुचले ते मला परके वाटत नाही. शिवाय होळीला मृत्यूचे वावडे आहे असेही नाही. आमच्याकडे वर्षभरात ज्या घरात माणूस गेले असेल त्या घरी धुळवडीला भावकी जाते, रंगाचे बोट लावते आणि दुखवटा उतरवते. वडील गेले त्या वर्षी माझ्या आईच्या कपाळाला रंगाचे बोट लागले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली.

धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे. तुमचे मन अर्धे तयार आहे, भावाचे पूर्ण तयार आहे. गाडगे ज्यांनी जपले त्या आईंना कोणी विचारले का?

काळी माती

मी गंगाखेडजवळ राहतो. जनाबाईंच्या या गावाला लांबून लोक अस्थी घेऊन येतात. मे महिन्यात पात्रात जे डबके उरते त्यात दिवसभर रक्षा पडत राहते, तिच्यामागून प्लास्टिकच्या पिशव्या आणि हार पडतात. पाण्याचाच मार्ग खरा असे म्हणणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात येऊन ते पाणी पाहावे.

होळीबद्दल मात्र मी सिंदफणा यांच्या बाजूने आहे, कारण साधे आहे. चितेत जळायचे ते जळून गेलेले असते आणि उरतो तो मुख्यतः हाडांतला चुना आणि स्फुरद. गोवऱ्यांच्या जाळात त्याचे काही होत नाही, ते नुसते मिसळते. मिसळायचेच असेल तर मातीत मिसळा. आमच्या आजोबांची रक्षा आम्ही बांधावर खड्डा घेऊन टाकली, वर आंब्याचे कलम लावले. यंदा त्याला मोहोर आला होता.

सिंदफणा

काळी माती यांचा उपाय मला मान्य आहे. गावोगावी लोक तसे करू लागले आहेत आणि कोणाच्या नारळाला धक्का लागत नाही.

पळसफूल

बांध कोणाच्या नावावर आहे यावर ते झाड कोणाचे हे ठरेल. बहिणीचे लग्न झाले की तिला त्या आंब्याखाली पाहुणी म्हणूनच बसायचे आहे. असो, हा वेगळा विषय झाला.

माळवद

मी सगळे प्रतिसाद वाचले आणि प्रत्येकात 'गावची होळी' हा शब्द गृहीत धरलेला दिसला. आमच्या वस्तीत होळी पेटत नाही. १९५६ नंतर आमच्या आजोबांच्या पिढीने जे सण सोडले त्यांत ती होती. आमची स्मशानभूमीसुद्धा वेगळी आहे, ओढ्याच्या पलीकडे. तिला पत्र्याचे छप्पर अलीकडे मिळाले. तुमच्या गावातही असेच असेल तर त्या अकरा माणसांत आमची किती आणि त्यांच्या घरच्यांनी रक्षा कोणाच्या खड्ड्यात आणून ठेवायची, हे भावाने मोजले आहे का?

आणखी एक सांगतो आणि ते कटुतेने सांगत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर आमची घरे जाळली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. माझ्या आईला गावातला सामूहिक अग्नी म्हटले की तो आठवतो. वाळवंटातल्या त्या मंदिरापुढे बसलेल्यांना एकमेकांचे आडनाव ठाऊक नसते, म्हणून तिथे गप्प बसता येते. आपल्या चावडीपुढे सगळ्यांना सगळ्यांची आडनावे पाठ आहेत.

गोदाकाठ

माळवद, तुमचा प्रश्न मी भावाला जसाच्या तसा विचारला. अकरापैकी तिघे पलीकडच्या वस्तीतले आहेत आणि आम्ही दोघांनी त्यांच्या घरी हा विषय काढलेला नाही. ही चूक आमची आहे.

भावाने एक उदाहरण दिले, ते मांडतो. उत्तर आयर्लंडमधील एका शहराच्या नावावरही एकमत नाही. कोणी त्याला डेरी म्हणतात, कोणी लंडनडेरी. तिथे मोठ्या होळ्या पेटवण्याची जुनी रीत आहे आणि त्या एका समाजाने दुसऱ्याला डिवचण्यासाठी पेटवायच्या असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याच डेव्हिड बेस्टने २०१५ मध्ये तिथे दोन्ही समाजांतल्या तरुणांना हाताशी धरून मंदिर उभारले आणि २१ मार्चला ते जाळले. म्हणजे जो अग्नी भांडणाचा होता त्याच्याच गावात हे घडले, असे भावाचे म्हणणे आहे.

माळवद

उदाहरण चांगले आहे. पण तिथे त्यांनी जुन्याच होळीत नेऊन फोटो टाकले नाहीत. नवी जागा घेतली, दोन्हीकडच्या हातांनी लाकूड कापले, आणि मग पेटवले. तुम्ही आधी पेटलेल्या जाळाला आम्हाला बोलावत आहात.

वीरभद्र

आम्ही लिंगायत, लातूरकडचे. आमच्यात पुरतात. करोनातही आमच्या चुलत्यांना आम्ही पुरले, त्यामुळे रक्षेचा प्रश्नच नाही. अकरांत असा कोणी असेल, किंवा मुसलमान घर असेल, तर त्यांनी काय आणायचे, एवढेच विचारतो.

तेरणाकाठ

लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

मी किल्लारीजवळचा. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी जमीन हलली. माळवदाची घरे, दगडाच्या जाड भिंती, वर मातीचा भार. ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरातली चार माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत तिथे एकेकट्या चितेला ना लाकूड होते ना माणूस. पडलेल्या घरांचीच खांडे आणि तुळया ओढून आणल्या आणि एका रचणीवर अनेकांना ठेवले. त्यात कोणाची जात कोणी विचारली नाही, हेही खरे, आणि पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात प्लॉट वाटताना ती पुन्हा विचारली गेली, हेही खरे.

तुम्ही ज्याला सामुदायिक अग्नी म्हणता तो आम्ही पाहिला आहे, म्हणून त्याच्याविषयी कोणी गोड बोलू लागले की मला ते सोसत नाही. आमच्या आजोबांनी त्या ढिगातून एक ओंजळ उचलली. त्यात आपले कोण आणि परके कोण हे सांगता येत नव्हते. ते एवढेच म्हणाले की यातले जे कोणी असतील ते आपलेच, आणि तेरणेत सोडून आले. पुढे दर सर्वपित्रीला ते आमच्या चौघांसाठी पाने मांडत आणि पाचवे पान बिननावाचे ठेवत.

गोदाकाठ, तुम्ही चिठ्ठीवरच्या क्रमांकाचा उल्लेख केला आणि लगेच पुढे गेलात. मला वाटते तुमची खरी अडचण तिथे आहे. ती रक्षा वडिलांचीच का, ही शंका तुमच्या मनात आहे आणि गावभरच्या राखेत मिसळली की ती विचारावी लागणार नाही. मी ते वाईट म्हणत नाही. आम्हाला त्या मिसळण्यानेच तारले. पण आमच्यावर ते येऊन पडले होते. तुम्ही ते ठरवून करणार असाल तर होळीच्या आडून करू नका. वेगळा दिवस घ्या, वेगळी जागा घ्या, पलीकडच्या वस्तीत स्वतः जाऊन बोला, आणि ज्यांच्याकडे रक्षा नाही त्यांनी लाकूड आणावे.

सिंदफणा

तेरणाकाठ यांच्यापुढे शास्त्र काढण्याची माझी इच्छा नाही. वेगळा दिवस आणि वेगळी जागा असेल तर माझा विरोध निम्मा उरतो. निम्मा मात्र राहतो, कारण तो जाळ विझल्यावर जी राख राहील ती पुन्हा कोणीतरी सावडावीच लागेल आणि ती कुठे न्यायची हा प्रश्न पुन्हा पहिल्या जागी येईल. अमेरिकेत ती जागा झाडूनपुसून साफ करण्याचा दंडक आहे असे ऐकतो. इथे कोण करणार?

गोदाकाठ

क्रमांकाबद्दल तेरणाकाठ यांनी जे लिहिले ते खरे आहे. मी ते भावालाही कधी बोललो नव्हतो.

आईला काल विचारले. पळसफूल ताईंनी विचारेपर्यंत खरोखरच कोणी विचारले नव्हते. ती म्हणाली, होळीत नको, तिथे लेकरे खेळतात. नाथषष्ठी होळीनंतर सहाव्या दिवशी असते, तेव्हा पैठणला माणसे जातील तेव्हा जातील. त्याच्या आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या पात्रात, दोन्ही वस्त्यांच्या मधे, जाळ करा. पेटवायला मी येईन, पलीकडच्या दोघी येणार असतील तर त्याही येतील, आणि सकाळी सावडायलाही आम्हीच येऊ. राख कुठे न्यायची हे विचारल्यावर तिने उत्तर दिले नाही.

त्या तीन घरांपैकी दोन घरी आम्ही जाऊन आलो. एका घरी चहा झाला आणि विचार करून सांगतो म्हणाले. दुसऱ्या घरी त्यांनी ऐकून घेतले आणि नको म्हणाले. तिसरे घर कुलूपबंद आहे, ती माणसे ऊसतोडीला गेली आहेत आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय परतणार नाहीत.

गाडगे अजून आढ्यालाच आहे. भाऊ उतरवायला निघाला होता, आईने हात लावू दिला नाही.