वस्तऱ्याने दाढी शिकतोय, पण केस ओढले जातात. हात चुकतोय की धार?

चिंचपोकळीकर

नमस्कार मंडळी. तीन-चार पात्यांच्या रेझरने माझ्या गळ्यावर कायम पुरळ उठतं, केस कातडीत वळून आत वाढतात. म्हणून वस्तऱ्याने दाढी शिकायचं मनावर घेतलंय. चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर एक जुना वस्तरा मिळाला. पात्याची रुंदी ५/८ इंच, टोक गोल, मुठीजवळच्या लोखंडावर ‘सोलिंगन’ (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) कोरलेलं. दुकानदाराने मशीनवर पॉलिश करून आरशासारखा चमकवून दिला, म्हणाला आजच्या आज दाढी करा. धारावीतून चामड्याचा पट्टा आणला, तो दाराच्या कडीला अडकवून त्यावर वस्तरा फिरवतो.

पण गालावर लावला की केस कापले न जाता ओढले जातात, डोळ्यांत पाणी येतं. कोन कमी-जास्त करून पाहिला, फरक नाही. मित्र म्हणतात सलूनवाला, अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा घे आणि मोकळा हो. आमच्या गल्लीत सायकलवर चाक घेऊन धारवाला येतो, त्याच्याकडे द्यावा का? माझा हातच चुकत असेल तर तसंही सांगा.

टूलरूम_परळ

हात नंतर बघू, आधी धार. मी टूलरूममध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे, आणि रोजची दाढी वस्तऱ्यानेच करतो. वस्तरा ओढायला लागला की नवा माणूस कोन बदलतो, मग जोर लावतो, आणि गाल सोलून निघतो. नीट धार असलेला वस्तरा नवख्या हातात कापेल, पण ओढणार नाही. तुमचा ओढतोय, म्हणजे धार नाही.

आरशासारखं चमकणारं पातं आणि धारदार पातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर पात्याचं अंग चमकतं आणि धारेची कड गोल होते. आता हे करा. रात्री खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एका ट्यूबलाइटखाली उभे राहा, वस्तरा धार वर करून धरा आणि हळूहळू पुढे-मागे कलवा. कडेवर बारीक पांढरी रेघ चमकली तर ती बोथट धार. चांगल्या धारेवर उजेड परत फिरवायला जागाच नसते, तिथे काहीच दिसत नाही. रेघेऐवजी सुटे ठिपके चमकले तर तिथे कड तुटलीय.

धारवाल्याकडे हा वस्तरा कृपा करून देऊ नका. त्याचं चाक सुरी-कात्रीसाठी आहे. वस्तऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी पोखरलेलं असतं, धारेपाशी इतकं पातळ की कोरड्या चाकावर क्षणात तापतं. कार्बन स्टीलला पाणी दिल्यावर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा थोडं तापवतात. कड निळी पडली म्हणजे ती ३०० च्या जवळ गेली आणि तिथला कडकपणा संपला. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

वस्तऱ्याला धार हाताने, पाण्याच्या दगडावर. इथे मला या हत्याराचं फार कौतुक वाटतं. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन ठरवतात, बहुतेक वस्तऱ्यांत तो १६-१७ अंशांच्या आसपास येतो. सुरीला धार लावताना कोन मनगटात धरून ठेवावा लागतो. इथे तो बनवणाऱ्याने पात्यातच घालून ठेवलाय. आपण फक्त पाठ उचलायची नाही आणि जोर द्यायचा नाही. दगड क्रमाने १०००, ४०००, ८००० आणि जमलं तर १२००० ग्रिट (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). खरं काम १००० वरच होतं. तिथे दोन्ही बाजूंचे उतार कडेला एकमेकांना मिळाले नाहीत, तर पुढचे दगड नुसती चकाकी देतात. पहिल्या वेळी जाणकाराकडून धार लावून घेतलीत तर उत्तम, कारण धारदार वस्तरा गालावर कसा लागतो हे एकदा कळलं की पुढे तुमचं तुम्हाला मोजमाप मिळतं.

आता पट्टा. पट्टा धार लावत नाही, असलेली धार सरळ करतो. पाठ पुढे, धार मागे, असाच सरकवायचा. टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटायचा, कधीही धारेवरून नाही. नवशिका धारेवरून उलटवतो, पट्ट्यात चीर पडते आणि धार तिथेच बसते. कडीला अडकवलेला पट्टा मध्ये झोळ खातो, त्या झोळात धार गोल होते. दुसऱ्या हाताने ताठ ओढून धरा. चामड्यावर चकचकीत रंगाचा थर असेल तर तो पट्टा बाजूला ठेवा, साधं गुळगुळीत चामडं हवं. दाढीआधी चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, सावकाश. वेग आपोआप येतो.

भांडुप_सलून

काकांचं धारेचं सगळं मान्य. पण शिकायला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वाईट नाही, आमच्याकडे नवा कारागीर त्यावरच तयार होतो. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं घालायचं, दाढी झाली की फेकायचं. दगड नको, पट्टा नको, आणि ओढलं गेलं तर निदान धारेचा दोष नाही हे नक्की. हात बसवायचा तर हे सोपं.

एकच सांभाळा. त्याला वजन नसतं, त्यामुळे माणूस नकळत दाबतो, आणि ब्लेडचे दोन्ही कोपरे टोकदार असतात. जबड्याच्या वळणावर कोपरा रुततो. तिथे गिऱ्हाइकाची कातडी आम्ही बोटांनी वर, हाडावर ओढून घेतो, म्हणजे वळणाची सपाटी होते. वस्तरा कुठलाही असो, ताण देणारा हात जास्त महत्त्वाचा. फेसाने बोट निसटतं म्हणून ताण देणाऱ्या बोटांना तुरटी चोळून घ्या, पकड येते.

टूलरूम_परळ

भांडुपकरांचं पटलं, विशेषतः ताणाचं. अर्ध्या ब्लेडवर हात बसवा, तोवर तुमच्या वस्तऱ्याची धार होईल. फक्त अर्ध्या ब्लेडचा वस्तरा कातडीला जरा जास्तच लागतो, त्यावरून खऱ्या वस्तऱ्याबद्दल मत बनवू नका.

सुरुवातीला दोन्ही गाल एवढंच क्षेत्र. अंघोळीनंतर, केस मऊ असताना, फेस ओला ठेवून, केसांच्या दिशेने वरून खाली. पातं आणि गाल यांत ३० अंशांच्या आसपास फट. हात छोटे, इंच-दीड इंचाचे. धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आडवं, पातं किंचितही सरकू द्यायचं नाही. जखमा तिथेच होतात. हनुवटी, ओठ आणि गळा नेहमीच्या रेझरने उरकून घ्या. गळ्यावर जाण्याआधी कोरड्या दाढीवरून बोटं फिरवून केस कुठे कसे वळलेत ते पाहा. बऱ्याच जणांचे कानाखालून आडवे जातात. तुम्हाला केस आत वाढण्याचा त्रास आहे, तर गळ्यावर उलटा हात मारूच नका. दाढी हाताला थोडी खरखरीत राहील, पण गळा शांत राहील, आणि तुम्ही हे त्यासाठीच करताय.

फेस नीट होत नसेल तर पाणी बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, साबण चटकन फुलतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात तोच साबण बसून राहतो, तिथे साबण जास्त घ्यावा लागतो.

वॉर्ड_सिस्टर

मध्येच बोलते, कारण हे कोणी लिहिलं नाही. वस्तरा जुना आहे, तर आधी साबणाने घासून मग जंतुनाशकाने नीट पुसा. मूठ सुकी ठेवा, उकळू नका. आणि घरात तो एकट्याचाच ठेवा, भावालासुद्धा देऊ नका. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो, आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातून लागण होऊ शकते. तुरटीचा खडासुद्धा स्वतःचा वेगळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको. पिकलेल्या पुळीवरून पातं फिरवू नका, तेवढी जागा सोडून द्या.

चिंचपोकळीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, गोळ्या काही चालू नाहीत, वस्तरा माझा एकट्याचाच राहील. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आणतो.

काका, ट्यूबलाइटखाली पाहिलं. जवळजवळ पूर्ण लांबीभर बारीक रेघ चमकते आणि टोकाकडच्या भागात दोन ठिपके वेगळे दिसतात. मूठ काळी, प्लास्टिकसारखी आहे. आणखी एक, पावसाळ्यात याला गंज चढेल का?

टूलरूम_परळ

रेघ म्हणजे बफिंगने गोल झालेली कड, आणि ठिपके म्हणजे टवके. हे काम १००० च्या दगडापासूनच करावं लागेल. टवके निघेपर्यंत घासायचं, मग वरचे दगड. वस्तरा वाया गेलेला नाही.

गंज मुंबईत जून ते सप्टेंबर हमखास चढतो. दाढी झाली की मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसायचा, तासभर उघडा ठेवायचा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन्ही अंगांना लावायचा. न्हाणीघरात ठेवायचा नाही. काळी मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, असेल तर तीही बघा. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून निघणारी वाफ पात्यालाच खाते. मुठीत मिटणाऱ्या भागावर तांबूस डाग असतील तर मूठ बदलावी लागेल.

दगडावर घालण्याआधी पाठीच्या दोन्ही बाजू जवळून पाहा. घासल्याची सपाट पट्टी दोन्हीकडे सारख्या रुंदीची आहे, की एका बाजूला जास्त? जास्त असेल तर पातं वाकडं आहे किंवा आधीच्याने एका बाजूवर जोर दिलाय, आणि मग दगडावर फिरवण्याची रीत बदलते. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, मग सांगतो.