शिन कामेन रायडर: रडणारा नायक भावला, की मारामारी फसली?

चक्रीवादळ

दिग्दर्शक आन्नो हिदेआकिंचा 'शिन कामेन रायडर' हा सिनेमा काल तिसऱ्यांदा पाहिला. 1971 च्या जपानी टीव्ही मालिकेतल्या मुखवटाधारी नायकाची ही नवी मांडणी. मार्च 2023 मध्ये तो जपानात लागला तेव्हापासून चाहत्यांत दोन तट पडलेत, आणि आपल्यातही तेच दिसतंय. म्हणून धागा काढतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवटासकट सगळं येणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. मला हा सिनेमा फार जवळचा वाटला. नायक होंगो ताकेशी हा शॉकर या दुष्ट गुप्त संघटनेनं पळवून नेऊन, त्याला न विचारता अर्धा नाकतोडा करून टाकलेला तरुण आहे. 1971 च्या मालिकेतही तो तसाच होता, रायडरचे जनक इशिनोमोरी शोतारो यांच्या चित्रकथेत (मांगा) तर त्याचं दुःख पानापानावर आहे. पण पुढे दर आठवड्याला नवा राक्षस, नवी लाथ या रगाड्यात ते दुःख मागे पडलं. आन्नोंनी ते पुन्हा पुढे आणून ठेवलं.

सुरुवातच बघा. डोंगरातल्या वळणांवर ट्रक मागे लागलेत. मग तो शॉकरच्या शिपायांना ठोसे मारतो आणि प्रत्येक ठोशाला रक्ताची चिळकांडी उडते. मारून झाल्यावर घरात येऊन तो हातमोजा काढतो आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहतो. तो हात त्याचा राहिलेला नाही. होंगो झालेला इकेमात्सु सोसुके तिथे जवळजवळ काही बोलत नाही, नुसता थरथरतो. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

घाटावरचा

दादा, भावना पोचल्या. पण मी कामेन रायडर बघायला लागलो तो मारामारीसाठी, आणि तिथेच या सिनेमानं मला दुखावलं.

मूळ मालिकेत काय होतं? होंगोचं काम करणारे फुजिओका हिरोशी सुरुवातीला रायडरचा पोशाख घालून स्वतः झुंजायचे. चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला. मालिका थांबवता येत नव्हती, म्हणून चौदाव्या भागापासून सासाकि ताकेशी दुसरा रायडर म्हणून आले. त्यांच्याकडे मोटरसायकलचा परवाना नव्हता. आधी गाडीच्या वेगानं वारा पट्ट्यातल्या पंख्यात शिरला की रूप बदलायचं, आता ते जमेना. मग उभ्या उभ्या हात फिरवून 'हेन्शिन' (रूपांतर) म्हणायची ती पोज आली. आज जगभरची पोरं आरशासमोर करतात ती हीच. आणि मुखवट्यामागे ओनो केन्युकाई या स्टंट पथकाची माणसं होती, खडकावरून उड्या मारणारी, चेहरा कधीच न दिसणारी. ही मालिका अंगमेहनतीनं उभी राहिली.

आणि या सिनेमात? बोगद्यातली ती मोठी लढाई. काळोख, त्यात काळे कपडे, संगणकावर हलवलेल्या आकृत्या. कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. एनएचके या जपानी सरकारी वाहिनीनं चित्रीकरणावर जो माहितीपट दाखवला त्यात अॅक्शनवाली मंडळी तालीम करकरून मारामारी बसवतात आणि आन्नो ती पुन्हा पुन्हा नाकारतात, ठरवून केल्यासारखी दिसते म्हणून. मला ते बघवलं नाही. मारामारी ठरवूनच करायची असते, नाहीतर माणसं मोडतात. फुजिओकांचा पाय कुणी विसरलं नसेल.

चक्रीवादळ

माहितीपट मीही पाहिला आणि त्या लोकांसाठी वाईट वाटलं, त्यात वाद नाही. कामाच्या जागी माणसाला असं झुलवत ठेवू नये.

पण त्या नकारातून पडद्यावर जे आलं ते शेवटच्या झुंजीत बघ. होंगो, दुसरा रायडर इचिमोंजी आणि फुलपाखराच्या रूपातला खलनायक इचिरो. सुरुवातीला थाटात मारतात, आणि मग तिघांचंही बळ संपतं. एकमेकांना कवटाळून जमिनीवर लोळतात, धापा टाकतात, डोक्यावर डोकं आपटतात. तालमीतली सफाई तिथे असती तर मला ते खोटं वाटलं असतं. होंगोला इचिरोला मारायचंच नाहीये, त्याच्यापर्यंत त्याच्या बहिणीचा, होंगोला शॉकरमधून सोडवणाऱ्या रुरिकोचा, निरोप पोचवायचाय. मनातून मारायचं नसलेला माणूस सफाईनं कसा मारेल?

तोक्योकर

मी इथे तोक्योत निशि-कासाईला राहतो, मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर रायडर लागला की तो दात घासायचंही विसरतो. त्याला घेऊन थिएटरात गेलो. बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांनी सांभाळून दाखवावा, असा शिक्का होता, तो मी मनावर घेतला नाही. पहिल्या पाच मिनिटांत रक्त उडालं आणि पोरानं माझ्या कोटात तोंड खुपसलं. आम्ही बाहेर आलो. त्यानं विचारलं, "बाबा, रायडर वाईट झालाय का?" मला उत्तर देता आलं नाही.

चूक माझी होती, मान्य. पण प्रश्न उरतोच. 1971 मध्ये कॅल्बी या खाऊच्या कंपनीच्या वीस येनच्या रायडर स्नॅकमधलं कार्ड ठेवून पोरं खाऊ फेकून द्यायची, ती पोरं आता साठीला आली. सिनेमा त्यांच्यासाठी झाला. सहा वर्षांच्या मुलाचा नायक त्याच्या हातून काढून मोठ्यांच्या हातात दिला, असं मला वाटतं. एकट्यानं नंतर पूर्ण पाहिला तेव्हा आवडलाही, म्हणून जास्तच खटकतं.

रोबोटकाका

तोक्योकर, तुमच्या मुलाचं वाचून मला माझं बालपण आठवलं.

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. तोही रायडर काढणाऱ्या तोएई कंपनीचाच, 1967 चा, रायडरच्या आधीचा. आम्ही डोंबिवलीच्या चाळीत मनगटाला दोरी बांधून तिच्यात तोंड घालून रोबोटला हुकूम सोडायचो. शेवटच्या भागात रोबोट पहिल्यांदाच हुकूम मोडतो. पोरगा ओरडतोय, परत ये, परत ये, आणि तो खलनायक गिलोटिनला उचलून आकाशात निघून जातो, परत येत नाही. चाळीतल्या सगळ्या पोरांनी त्या दिवशी रडून घेतलं. आईनं मला जेवायला हाका मारल्या, मी जिन्याखाली बसून होतो.

म्हणूनच मुलांना दुःख झेपत नाही हे मला मान्य नाही. रक्त झेपत नाही, ते वेगळं. आन्नोंनी रक्त न दाखवता तेवढंच दुःख दाखवलं असतं तर तुमचा मुलगा खुर्चीत बसून राहिला असता.

चक्रीवादळ

काका, रक्ताशिवाय होंगोला आपल्या ताकदीची भीती का वाटते हे कळलं नसतं. त्याचे वडील पोलिस. समोरच्यावर शस्त्र चालवलं नाही म्हणून जीव गेला. हा मुलगा त्या मरणाचं ओझं घेऊन जगतोय, आणि आता त्याच्या साध्या ठोशानं माणूस मरतो. ते बघायला लागतंच.

काटोलकर

मारामारीवर सगळे बोललात, किड्यावर कुणीच नाही, म्हणून लिहितो.

जपानीत दोन्हींना 'बात्ता' म्हणतात. आपल्याकडे दोन शब्द आहेत. एकटा असला तर नाकतोडा, झुंडीनं आला तर टोळ. बोगद्यात होंगोवर धावून येतात ते अकरा जण त्याच्याच जातीचे आहेत, पण झुंडीत रूप पालटलेले. हे आन्नोंनी निसर्गातून उचललंय. वाळवंटी टोळ मुळात एकेकटा, एकमेकांना टाळणारा किडा. गर्दी वाढली, मागच्या पायांना दुसऱ्यांचा सारखा स्पर्श होऊ लागला की काही तासांत त्याचा स्वभाव बदलतो, पुढच्या पिढ्यांत रंगही बदलतो, आणि टोळधाड तयार होते.

मे 2020 मध्ये ती आमच्याकडे नागपूर जिल्ह्यात आली होती. संत्र्याच्या बागेत आम्ही थाळ्या, पत्र्याचे डबे बडवत होतो. आवाज आधी आला, बारीक पाऊस पडल्यासारखा, मग फांद्या वाकल्या. एक किडा हातात धरून पाहिला. डोळे शांत, अगदी आपल्या बांधावरच्या नाकतोड्यासारखा. झाडावरची हजारोंची गर्दी मात्र भीती वाटावी अशी.

म्हणून तो बोगदा मला काळोखा असूनही कळला. होंगो स्वतःच्याच दुसऱ्या रूपाशी लढतोय. शॉकर त्याला टोळ करायला निघाली होती, तो नाकतोडा राहिला.

घाटावरचा

काटोलकर, हे मी कधीच असं पाहिलं नव्हतं. खरंच.

पण दादा, हे तुमच्या डोक्यात आहे, पडद्यावर ते दिसायला हवं होतं. त्या अकरांमधला एकही किडा मला तुमच्या हातातल्या किड्याइतका जवळून दिसला नाही. एका टोळाचा मुखवटा फुटून आत होंगोसारखाच एक पोरगा दिसला असता, तर मी इथे भांडत बसलो नसतो. कल्पना मोठी आणि चित्र अंधुक, ही माझी तक्रार कायम.

मिहिका

पुण्यात जपानी शिकते. मारामारीपेक्षा मला रुरिको आवडली. ती होंगोला लाल स्कार्फ देते, नायकाकडे हा हवाच म्हणून. अख्ख्या सिनेमात ती जवळजवळ हसत नाही, आणि मरणाआधी तिनं ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या निरोपात तिचं काम करणाऱ्या हामाबे मिनामीचा आवाज पहिल्यांदा मऊ होतो. तिथे मी रडले. तिला मारायला नको होतं असंही वाटलं. दरवेळी मुलीनंच मरून नायकाला बळ द्यायचं, हे 2023 मध्ये तरी थांबायला हवं होतं.

चक्रीवादळ

मिहिका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुझं.

तोक्योकर

काकांचं वाचून काल रात्री मुलाला शेवटची पाच मिनिटं दाखवली, तेवढीच. होंगो गेलाय, त्याचा जीव मुखवट्यात उरलाय, आणि इचिमोंजी तो मुखवटा घालून गाडीवर निघालाय. दोघं बोलतायत, दिसतो एकच.

मुलानं विचारलं, "म्हणजे तो आता एकटा नाही ना?"

नाही म्हटलं. मग त्यानं सायक्लोन, म्हणजे रायडरची मोटरसायकल, किती वेगानं पळते ते विचारलं, आणि आम्ही ती पाच मिनिटं अजून दोनदा पाहिली.