नवं सिम, नवा फोन आणि न येणारा ओटीपी

नव्या फोनवर ओटीपी येत नाही, यूपीआयची नोंदणी अडकते, म्हणून फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो कोरा करा, असा सल्ला दिला जातो. मला ते पटत नाही. रिसेट करण्याआधी एक विचारा: फोनसोबत सिमही बदललं का? जुनं कार्ड देऊन नवं घेतलं किंवा ई-सिम केलं, की सुरू झाल्यापासून 24 तास त्या नंबरचे एसएमएस, येणारे आणि जाणारे दोन्ही, बंद ठेवले जातात. दूरसंचार विभागाचाच तसा नियम आहे. कोणी परस्पर डुप्लिकेट सिम काढून खातं रिकामं करू नये म्हणून.

आईच्या फोनवर मी हेच भोगलंय. कॉल लागत होते, नेट चालू होतं, त्यामुळे सिमवर संशयच आला नाही. दोनदा रिसेट मारला, तिचे फोटो गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत! यूपीआयला आपल्या सिमवरून एसएमएस जावाच लागतो, तिथे थांबण्याला पर्याय नाही. व्हॉट्सॲपला मात्र कोड कॉलवरही मागवता येतो.